गोळी मेंदूचे काय करते?

मेंदूतली पेशी एकदा मेली की मेली, तिच्या जागी दुसरी येत नाही, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केले आहे. कातडी सोलवटली तर नवी येते, मोडलेले हाड सांधते, यकृताचा तुकडा काढला तरी ते पुन्हा भरून येते. मेंदूचे मात्र तसे नाही. जन्माला येताना बांधून दिलेली शिदोरी आयुष्यभर पुरवायची, असा त्याचा हिशेब. हा हिशेब गेल्या साठ वर्षांत बराच ढासळला आहे. आणि तो ढासळल्यामुळे एक वेगळाच प्रश्न उभा राहिला आहे. स्किझोफ्रेनियासारख्या आजारावर माणसे जी औषधे दहा-दहा, वीस-वीस वर्षे घेतात, त्यांचा मेंदूतल्या या नव्या पेशींवर काय परिणाम होतो? त्या वाढतात की खुंटतात?

प्रश्न प्रयोगशाळेतला वाटतो. पण तो घराघरातला आहे. फार्मसीची पदवी घेऊन मी १९९१ पासून पुण्यात औषधांचे दुकान चालवते. चिठ्ठीवर ओलान्झापिन किंवा रिस्पेरिडोन लिहिलेले असले की ती चिठ्ठी पुढे करणारा हात बहुधा आईचा, बहिणीचा किंवा निवृत्त वडिलांचा असतो. आजूबाजूला दुसरे गिऱ्हाईक नाही असे पाहून ही माणसे हळू आवाजात विचारतात, "ताई, या गोळ्यांनी मेंदू सुकतो म्हणतात, खरं का?" अलीकडे उलट प्रश्नही येतो. मोबाइलवर आलेला मजकूर दाखवून एखादा तरुण विचारतो, "या गोळीनं मेंदूत नवीन पेशी तयार होतात म्हणे?" एकाच पट्टीतल्या एकाच गोळीबद्दल दोन टोकांचे हे दोन समज. दोन्हींमागे थोडे थोडे खरे संशोधन आहे, म्हणून तर पंचाईत. ज्या घरात ही गोळी रोज रात्री पाण्याच्या पेल्याबरोबर ठेवली जाते, त्या घराला त्यातले खरे किती हे कळायला हवे. आमचेही घर त्यातलेच एक.

शिदोरीचा समज कसा मोडला

मेंदूत नवी पेशी येत नाही, हे मत रुजवणारा माणूस साधासुधा नव्हता. चेतासंस्थेच्या रचनेचा पाया घालणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांना १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. प्रौढ मेंदूत सर्व काही मरू शकते, नव्याने काही उगवत नाही, असा निष्कर्ष त्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मांडला आणि पुढची पन्नास वर्षे त्याला फारसे कोणी हात लावला नाही.

१९६२ साली अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. पेशी दुभंगताना तिला नवा डीएनए तयार करावा लागतो. त्या डीएनएच्या कच्च्या मालातच किरणोत्सारी खूण मिसळून दिली, तर जी पेशी नव्याने जन्मेल तिच्यावर ती खूण उमटेल, अशी ही युक्ती. प्रौढ उंदरांच्या मेंदूत खूण उमटलेल्या चेतापेशी दिसल्या. १९६५ साली याच विषयावर जो सविस्तर निबंध आला, त्यावर ऑल्टमन यांच्याबरोबर दुसरे नाव आहे गोपाल दास यांचे. पण काहालच्या सावलीत या निबंधांकडे कोणी वळून पाहिले नाही. ऐंशीच्या दशकात फर्नांडो नॉटेबोम यांनी कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूतल्या गाण्याशी संबंधित भागात नव्या चेतापेशी दाखवल्या, तेव्हा कुठे दार किलकिले झाले.

माणसाचे काय? १९९८ साली स्वीडनचे पीटर एरिक्सन आणि अमेरिकेचे फ्रेड गेज यांनी त्याचे उत्तर शोधले. कर्करोगाच्या पाच रुग्णांना त्यांच्या गाठीची वाढ तपासण्यासाठी पेशीवर खूण उमटवणारे एक द्रव्य टोचले होते. त्यांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा हिप्पोकॅम्पस या भागातल्या काही चेतापेशींवर तीच खूण सापडली. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या पोटात दडलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग. नवी आठवण तयार करण्याचे, ताणाला आवर घालण्याचे काम त्याच्याकडे असते. २०१३ साली स्वीडनच्याच योनास फ्रिसेन यांच्या गटाने अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ चा आधार घेऊन पेशींचे वय काढले. माणसाच्या प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशींची भर पडते, असा त्यांचा हिशेब.

यावर सर्वांचे एकमत झाले असे मात्र नाही. २०१८ साली एका गटाने प्रौढ माणसात अशी एकही नवी पेशी सापडत नाही असे जाहीर केले, आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाने त्या म्हातारपणापर्यंत सापडतात असे सांगितले. मृत्यूनंतर मेंदू किती तासांनी जतन केला, कोणत्या रसायनात ठेवला, यावरून निकाल बदलतो. २०२५ साली फ्रिसेन यांच्या गटाने प्रौढ मेंदूत दुभंगणाऱ्या मूळ पेशींचे नवे पुरावे दिले. पण त्यांचे प्रमाण माणसामाणसात फार वेगळे निघाले. थोडक्यात, झरा आहे असे आता बहुतेक मानतात. तो किती बारीक आहे यावर वाद चालू आहे.

गोळी आली कुठून

आता गोळीकडे वळू. पहिले खरे औषध क्लोरप्रोमाझिन. ते फ्रान्समध्ये १९५० साली तयार झाले आणि १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर देनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिले. ज्यांना वर्षानुवर्षे कोंडून ठेवावे लागे, ती माणसे आठवडाभरात शांतपणे बोलू लागली. याच सुमारास आपल्याकडची सर्पगंधाही जगाच्या नजरेत आली. वेडावरची आणि रक्तदाबावरची तिची करामत गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहून ठेवली होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली रक्तदाबावरचा आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला, आणि तिच्यातून वेगळे काढलेले रिसर्पिन पुढे काही वर्षे मनोरुग्णांनाही दिले गेले.

१९५८ साली बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल आले. ही पहिली पिढी. पुढे क्लोझापिन, १९९३ नंतर रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन ही दुसरी पिढी. ही सर्व औषधे कमीअधिक प्रमाणात डोपामिन या मेंदूतल्या निरोप्याचा दरवाजा अडवतात. स्किझोफ्रेनियात मेंदूच्या काही भागात डोपामिनचा गलका वाढतो. साध्या गोष्टीला भलताच अर्थ चिकटतो, शेजाऱ्याचे खाकरणे इशारा वाटतो. गोळी हा गलका कमी करते.

माझा धाकटा भाऊ १९९४ साली, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आजारी पडला. रेडिओवरच्या बातम्या आपल्याचबद्दल आहेत असे त्याला वाटे, म्हणून त्याने एका रात्री रेडिओची वायर कापली. हॅलोपेरिडॉलने आवाज थांबले. पण चेहरा मुखवट्यासारखा झाला, हात लाकडासारखे, आणि पाय एका जागी ठरेनात. १९९७ साली "मला बरं वाटतंय, मग गोळी कशाला?" म्हणून त्याने ती आपणहून बंद केली. तर्क म्हणून त्यात खोट काढणे अवघड. चार महिन्यांनी तो घरातून निघून गेला आणि तीन दिवसांनी मिरज स्टेशनवर सापडला. २००१ साली डॉक्टरांनी ओलान्झापिन सुरू केले. पहिल्याच वर्षात वजन अकरा किलोने वाढले. पण सात वर्षांनी तो एका विनोदावर हसला. गोळी काय देते आणि काय घेते, हे आम्ही असे एका ताटात पाहिले आहे.

उंदरांनी काय सांगितले

नव्या पेशी आणि ही औषधे यांची गाठ घालणारे प्रयोग नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. १९९८ साली जर्मनीत हॅलोपेरिडॉल दिलेल्या जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये पेशींचे दुभंगणे वाढलेले दिसले. २००० साली अमेरिकेत येल विद्यापीठात रोनाल्ड ड्यूमन यांच्या गटाने नैराश्यावरच्या औषधांनी उंदरांत नव्या पेशी वाढतात हे दाखवले. तो प्रयोग फार गाजला. तुलनेसाठी त्यात हॅलोपेरिडॉलही दिले होते. त्याने काहीच फरक पडला नाही.

२००२ साली अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातून आलेल्या निबंधावर वाकडे आणि महाडिक ही आपल्या ओळखीची आडनावे दिसतात. त्यांनी उंदरांना २१ दिवस औषधे दिली. रिस्पेरिडोन आणि ओलान्झापिन यांनी मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या भिंतीलगत नव्या पेशी वाढल्या, हॅलोपेरिडॉलने वाढल्या नाहीत. २००४ साली क्लोझापिनचा प्रयोग झाला. लहान डोसने दुभंगणे वाढले, मोठ्या डोसने नाही. आणि जन्मलेल्या पेशी पुढे टिकून राहण्यात कोणत्याच औषधाने फरक पडला नाही. २००५ साली टोरांटोच्या गटाने पुन्हा उलटे सांगितले. त्यांच्या मते डोपामिन हाच मूळ पेशींना दाबून ठेवतो, म्हणून हॅलोपेरिडॉलने त्या वाढतात. त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने डोपामिन कमी झाला की नव्या पेशी कमी होतात असे दाखवले होते.

वाचणाऱ्याचे डोके गरगरावे असा हा प्रकार आहे. पण यात कोणी खोटे बोलत नाही. प्राणी वेगळे, डोस वेगळा, दिवस वेगळे, मेंदूचा मोजलेला भाग वेगळा. शिवाय पेशी जन्मणे वेगळे, जगणे वेगळे आणि शेजारच्या पेशींशी नाते जोडून कामाला लागणे वेगळे. रोप उगवले म्हणजे पीक हाती आले असे शेतकरी म्हणत नाही. मेंदूच्या पुढच्या भागात वाढलेल्या पेशींपैकी बऱ्याच तर चेतापेशी नव्हेतच, त्यांना आधार देणाऱ्या मदतनीस पेशी होत्या. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की बहुतेक प्रयोगांतले हे उंदीर निरोगी होते. त्यांना आवाज ऐकू येत नव्हते. निरोगी उंदराला तीन आठवडे दिलेले औषध आणि आजारी माणसाने वीस वर्षे घेतलेली गोळी यांच्यात फार मोठे अंतर आहे. मोबाइलवरच्या मजकुरात ते अंतर गाळलेले असते.

आजारी माणसांच्या मेंदूचा पुरावा थोडा आहे, पण आहे. २००६ साली जर्मन संशोधकांनी मृत्यूनंतर दान झालेल्या मेंदूंचा अभ्यास केला. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दुभंगणाऱ्या पेशी कमी आढळल्या. ऑस्ट्रेलियातल्या गटालाही २०१६ साली तसेच दिसले. म्हणजे झरा आटण्याचा संबंध आजाराशीच असू शकतो.

मेंदू सुकतो का

आता हळू आवाजातल्या त्या प्रश्नाकडे. या भीतीलाही आधार आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २००५ साली अमेरिकेत माकडांना दीड-दोन वर्षे हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन देऊन पाहिले. त्यांच्या मेंदूचे वजन आणि आकार ८ ते ११ टक्के कमी भरला. २०११ साली आयोवा विद्यापीठात नॅन्सी अँड्रियासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २११ रुग्णांचे सरासरी सात वर्षांचे स्कॅन तपासले. ज्यांना औषध जास्त, त्यांच्या मेंदूचा आकार थोडा जास्त कमी झालेला होता.

पण इथे थांबून भागत नाही. माकडांच्या मेंदूचे पुढे बारकाईने मोजमाप झाले, तेव्हा चेतापेशींची संख्या घटल्याचे दिसले नाही. घटल्या होत्या त्या मदतनीस पेशी. चेतापेशी जास्त दाटीने बसल्या होत्या. आकार कमी होणे म्हणजे चेतापेशी मरणे, असे समीकरण मांडता येत नाही. आणि २०२० साली एक मोलाचा अभ्यास आला. भ्रमांसह तीव्र नैराश्य होऊन बरे झालेल्या रुग्णांपैकी काहींना ओलान्झापिन चालू ठेवले, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. ३६ आठवड्यांनी ओलान्झापिनवाल्यांच्या मेंदूचा बाह्य थर किंचित पातळ झालेला होता. पण औषध नसलेल्यांपैकी ज्यांचा आजार उलटला, त्यांचाही थर पातळ झाला होता. गोळीला किंमत आहे. गोळी नसण्यालाही किंमत आहे.

मोजायचे काय

म्हणून मला वाटते, गोळीची परीक्षा नव्या पेशी मोजून करणे हा आजच्या घडीला चुकीचा तराजू आहे. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या नव्या पेशी मोजण्याचे साधन कोणत्याही डॉक्टरकडे नाही. जे मोजता येते त्याकडे पाहावे. २०१२ साली ६५ चाचण्या एकत्र करून काढलेला आकडा असा. गोळी चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात २७ टक्के लोकांचा आजार उलटला, गोळी थांबवून नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा. फिनलंडमध्ये ६६,८८१ रुग्णांच्या नोंदी तपासून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा कमी निघाले. मिरज स्टेशनचा तो फलाट पाहिलेल्या माणसाला हे आकडे कोरडे वाटत नाहीत.

याचा अर्थ डोळे मिटून गोळी गिळत राहावे असाही नाही. माकडांचे आणि स्कॅनचे अभ्यास एक गोष्ट शिकवतात. जेवढ्या मात्रेत आजार आवरतो तेवढीच मात्रा हवी. आजार उफाळलेला असताना लिहून दिलेला डोस पुढे दहा वर्षे कोणी न बघता तसाच चालू राहतो, हे माझ्यासमोरच्या चिठ्ठ्यांवर मला अनेकदा दिसते. तो कमी करता येईल का, हे विचारणे हा रुग्णाचा आणि घरच्यांचा हक्क आहे. कमी करायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, महिन्यामहिन्याने, पायरीपायरीने. रागाच्या भरात पट्टी कचऱ्यात टाकून नव्हे. वजन, कंबर, रक्तातली साखर आणि चरबी यांची नोंद वहीत ठेवावी. जिभेच्या, ओठांच्या नकळत होणाऱ्या हालचाली दिसल्या तर लगेच सांगावे. क्लोझापिन असेल तर पांढऱ्या पेशींची रक्ततपासणी चुकवू नये. आणि २०२४ पासून अमेरिकेत डोपामिनचा दरवाजा थेट न अडवणारे, वेगळ्या वाटेने जाणारे एक औषध आले आहे, तेव्हा संशोधन थांबलेले नाही हेही लक्षात असावे.

चालण्याबद्दल मात्र सगळ्यांनीच ऐकावे. १९९९ साली फ्रेड गेज यांच्या प्रयोगशाळेत चक्रावर धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी वाढल्या. २०१० साली जर्मनीत स्किझोफ्रेनियाच्या आठ रुग्णांनी तीन महिने सायकलचा व्यायाम केला. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार १२ टक्क्यांनी वाढल्याची नोंद झाली. टेबलावरचा फुटबॉल खेळत बसलेल्यांचा वाढला नाही. अभ्यास अगदी छोटा होता आणि पुढच्या सर्वांना तसाच निकाल मिळाला नाही. पण व्यायामाने वजन आणि साखर आटोक्यात राहते, झोप लागते, माणूस चार माणसांत येतो. यातले काहीच वाया जात नाही. औषधाच्या दुकानात न मिळणारे औषध म्हणून मी ते बिनदिक्कत सुचवते.

हे सारे एकट्याने पेलू नये. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे काम उभे राहिले. आजारी माणसाला 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' हे शब्द अशाच स्वमदत गटांत रुळले. रुग्ण आणि नातेवाईक या शब्दांपेक्षा ते मला आवडतात, कारण त्यांत कोणी कोणावर ओझे नाही. गावात डॉक्टर नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर सरकारी सल्ला मराठीतही मिळतो.

माझा भाऊ आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. गेली काही वर्षे दुपारी दुकानात बसून मुदत संपत आलेल्या औषधांची यादी तो करतो. त्या यादीत चूक सापडत नाही. त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये आज किती पेशी जन्मल्या आणि किती गेल्या, हे सांगता येणार नाही. तो हिशेब शास्त्रज्ञांनी मांडावा आणि तो जुळेपर्यंत भांडत राहावे. त्यांच्या भांडणातूनच काहालपासून आजवरची वाट पुढे सरकली आहे. आपण घरात बसून करायचा हिशेब वेगळा आहे. रात्री झोप लागली का, सकाळी अंघोळ झाली का, दुपारी चार शब्द बोलला का, या महिन्यात वजन किती, डॉक्टरांना विचारायचे काय राहिले. हा हिशेब वहीच्या एका पानात मावतो, आणि पुढच्या भेटीला ती वही बरोबर नेता येते.